खोटी सही, खोटें नांव आणि खोटा निरोप

गेल्या आषाढांतील गोष्ट. दिवेलागणीची वेळ होऊन घरांतील मंडळी नुकतीच ओसरीवर टेकली होती. इतक्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंच्या मोबाईलवर निरोप आला कीं, मागील महिन्याचें विजेचें देयक जमा झालेलें दिसत नाहीं, सबब आज रात्रीं साडेनऊ वाजतां आपली वीज तोडण्यांत येईल. तक्रार असल्यास अमुक क्रमांकावर अधिकाऱ्यांशीं बोलावें. घरांत बारा माणसें, त्यांत एक बाळंतीण, आणि बाहेर पावसाळी अंधार! सूनबाईंनीं त्या क्रमांकावर बोलणें केलें. पलीकडील गृहस्थ मोठ्या अदबीनें बोलले. त्यांनीं सांगितलेलें एक ॲप सूनबाईंनीं उतरवून घेतलें, खात्री म्हणून दहा रुपये भरून पाहिले, आणि पाव तासाच्या आंत त्यांच्या खात्यांतून अडतीस हजार रुपये गेले. वीज मात्र गेली नाहीं. ती जाणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशीं घरांत जो वाद झाला तो ह्या लेखाचें मूळ होय. आमचे धाकटे बंधु म्हणाले, ही उघड चोरी. नातू म्हणाला, "चोरी कशी, आजोबा? काकूनें स्वतःच्या बोटानें पैसे पाठविले." आणखी कोणी म्हणालें, मग हा आपलाच बावळेपणा, त्याला कायदा तरी काय करणार? सूनबाई बिचाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराआड मान खालीं घालून उभ्या होत्या. आम्हांस तें बघवेना. परंतु तिन्ही मतांपैकीं बरोबर कोणतें हेंहि आम्हांस सांगतां येईना. सदतीस वर्षें मुलांस शब्दांचे अर्थ सांगण्यांत घालविलीं. पण 'फसवणूक' ह्या शब्दाचा कायद्यांत नेमका अर्थ काय, हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. आमचा एक पुतण्या अंबाजोगाईस वकिली करतो. त्याला रविवारीं बोलावून घेतलें, त्याचीं पुस्तकें ठेवून घेतलीं, आणि तेव्हांपासून कार्तिकापर्यंत आमचें हेंच वाचन चाललें होतें.

कायद्याची भाषा रूक्ष असते असा समज आहे. आम्हांस ती आमच्या लहानपणच्या तर्कशास्त्राच्या पाठासारखी वाटली. तेथें लक्षणांतील एकेक पद कशाची तरी व्यावृत्ति करण्यासाठीं घातलेलें असतें. एक पद गाळलें कीं लक्षण अतिव्याप्त होतें, एक अधिक घातलें कीं अव्याप्त. ठकवणुकीचें लक्षणहि असेंच आहे. कोणा व्यक्तीला फसविणें हें पहिलें पद. त्या फसवणुकीच्या योगानें, आणि अप्रामाणिक हेतूनें, तिला मालमत्ता देण्यास प्रवृत्त करणें हें दुसरें. मालमत्ता नसेल, तर जी गोष्ट ती फसली नसती तर तिनें केली नसती अशी गोष्ट तिच्याकडून करविणें, व तीपासून तिच्या शरीरास, मनास, लौकिकास किंवा मालमत्तेस हानि पोंचणें, हा पर्याय. चोरींत वस्तु धन्याच्या संमतीवांचून हलविली जाते. ठकवणुकींत संमति असते, पण ती खोट्याच्या पोटीं जन्मलेली असते. म्हणजे आमचे बंधु चुकले. नातवानें फरक बरोबर ओळखला, पण त्यापासून गुन्हा नाहीं असें अनुमान काढलें तें चूक. आणि तिसरें मत तर अगदींच टाकाऊ. कारण फसलेला मनुष्य शहाणा होता कीं भोळा हें कायदा विचारीतच नाहीं. हें वाक्य आम्हीं सूनबाईंना मुद्दाम मोठ्यानें वाचून दाखविलें.

१८६० सालची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि ज्या 'चारशेंवीस' आंकड्यानें आपल्या भाषेंत विशेषणाचें रूप घेतलें तो आंकडा कायद्यांतून नाहींसा झाला. आतां तें कलम ३१८ होय. मालमत्ता उकळलेली असल्यास शिक्षा पूर्वीप्रमाणेंच सात वर्षांपर्यंत कैद व दंड. आमच्या बीड जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आपण निजामाच्या राज्यांत होतों, आणि ती जुनी संहितासुद्धां आपल्याकडे १९५१ च्या कायद्यानेंच लागू झाली. मुंबई-पुण्याकडील लोकांना 'चारशेंवीस'ची ओळख आपल्याहून नव्वद वर्षांनीं जुनी!

ह्या लक्षणांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हेतूचा काळ. दसरा झाला कीं आमच्या जिल्ह्यांतील कित्येक गांवें निम्मीं ओस पडतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' ह्या हिशेबानें माणसें ऊसतोडीला जातात. त्यापूर्वीं मुकादम वाहतूकदाराकडून उचल घेतो व इतके कोयते आणीन असें लिहून देतो. पुढें मजूर येत नाहींत, पैसे परत मिळत नाहींत, आणि वाहतूकदार ठाण्यावर जातो. ही ठकवणूक कीं केवळ वचनभंग? सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं एका निकालांत ह्याचें मर्म स्पष्ट केलें आहे: वचन देतांना तें मोडण्याचा बेत असेल तर ठकवणूक, वचन देतांना मन साफ होतें आणि पुढें तें पाळतां आलें नाहीं, तर तो दिवाणी दावा. मुकादमानें एकाच महिन्यांत तेच मजूर तीन ठिकाणीं लिहून दिले असतील, किंवा यादींतलीं नांवेंच अस्तित्वांत नसतील, तर आरंभींचा हेतु त्यांतून दिसतो. पण पाऊस अधिक झाला, टोळी फुटली, एखाद्या कुटुंबांत मृत्यु झाला म्हणून कोयते कमी पडले, तर त्या मुकादमाला चारशेंवीस म्हणणें अन्यायाचें. आमच्या मतें ह्या भेदाकडे दोन्ही बाजू पुरेसें लक्ष देत नाहींत. वाहतूकदाराला पोलिसांच्या धाकानें वसुली हवी असते. आणि ज्याला खरोखर फसवावयाचें असतें तो 'हा तर दिवाणी मामला' म्हणून निसटूं पाहतो.

ठाण्यावरील अंमलदारानें सूनबाईंची फिर्याद लिहून घेतांना 'तोतयेगिरी करून ठकवणूक' असे शब्द वापरले. कायद्याच्या मराठी पाठांतलेच ते शब्द आहेत, आणि ते कानीं पडतांच आम्हांस पेशवाई आठवली. १७६१ च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनीं तें मानलें नाहीं व सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. कांहीं वर्षांनीं बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण 'मी भाऊ' म्हणून प्रकट झाला. थोरल्या माधवरावांनीं त्याला बंदींत टाकलें. परंतु १७७६ सालीं रत्नागिरीच्या किल्ल्यावरील रामचंद्र नाईक परांजपे ह्यांनींच त्याला सोडून धनी मानलें, आणि पाहतां पाहतां कोंकणांतील किल्ले व हजारों माणसें त्याच्या बाजूस गेलीं. महादजी शिंदे व भिवराव पानसे चालून गेले, तोतया समुद्रमार्गें पळाला, आंग्र्यांच्या हातीं सांपडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास त्याला देहान्त शासन झालें. न. चिं. केळकरांचें 'तोतयाचें बंड' हें नाटक ह्याच प्रकरणावर आहे.

ह्या कथेंत आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें तें असें कीं, तोतयाचें सामर्थ्य त्याच्या सोंगांत नव्हतें. तें लोकांच्या इच्छेंत होतें. भाऊ परत यावे अशी आस इतकी तीव्र होती कीं पुराव्याची गरजच उरली नाहीं. आजचा तोतया आशेऐवजीं भीतीवर जगतो: वीज तुटेल, खातें गोठेल, मुलाला पोलिसांनीं धरलें आहे. अलीकडे तर 'डिजिटल अटक' नांवाचा एक प्रकार निघाला आहे. पोलिसाचा वेष घातलेला मनुष्य मोबाईलच्या पडद्यावर दिसतो, आणि वृद्ध माणसाला घरच्या खोलींतच बसवून ठेवून त्याचे पैसे उकळतो. अशी अटक आपल्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. तोतयेगिरीबद्दल नव्या संहितेंत कलम ३१९ आहे, शिक्षा पांच वर्षांपर्यंत. आणि तीच संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या साधनानें केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ ड, शिक्षा तीन वर्षांपर्यंत व एक लाखापर्यंत दंड. सोंग तेंच असून यंत्राच्या आडून केल्यास शिक्षा कमी कां, हें आमच्या पुतण्यालाहि समजावून सांगतां आलें नाहीं.

"पण काका," तो म्हणाला, "हा मनुष्य कोठल्या तरी परराज्यांत बसला असेल, कदाचित् देशाबाहेर. गुन्हा घडला कोठें, हाच पहिला प्रश्न निघेल." आणि मग त्यानें आम्हांस एक जुना निकाल दाखविला, तो आम्हांस फार आवडला. १९५१ सालीं गोव्यांत तांदुळाची टंचाई होती. गोवा तेव्हां पोर्तुगीजांकडे. तेथील एका व्यापाऱ्यानें मुंबईंतील दलालामार्फत कराचीच्या एका व्यापाऱ्याशीं सौदा केला. पत्रें, तारा व दूरध्वनी ह्यांवरून कराचीकर सांगत राहिला कीं माल तयार आहे, जहाजाची सोय झाली आहे, पैसे तेवढे द्या. मुंबईंत हप्त्याहप्त्यानें सुमारें साडेपांच लाख रुपये दिले गेले, आणि तांदुळाचा दाणा आला नाहीं. पुढें तो व्यापारी हातीं लागला तेव्हां त्याचा बचाव असा कीं, मी पाकिस्तानचा नागरिक, त्या सर्व काळांत माझें पाऊल मुंबईंत पडलें नाहीं, मग तेथें मी गुन्हा कसा केला? १९५७ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें हा बचाव फेटाळला. खोटें मुंबईंत पोंचलें, तेथेंच त्यानें काम केलें, पैसेहि तेथेंच हातावेगळे झाले. म्हणून शरीर कराचींत असलें तरी गुन्हा मुंबईंतच झाला. संगणक येथें सामान्यांच्या व्यवहारांत आले नव्हते त्या काळांतला हा न्याय. आजच्या खोट्या निरोपांना तो जसाच्या तसा लागतो. सूनबाईंचे पैसे ह्या घरांतून गेले. गुन्हा ह्या घरांत झाला.

आतां खोट्या कागदाकडे वळूं. आपल्या स्मृतिकारांनीं ह्या गुन्ह्यास फार भारी मानलें आहे. राजशासनाचा खोटा लेख करणाऱ्यास मनूनें वधदंड सांगितला, आणि याज्ञवल्क्यानें उत्तम साहस. पुराव्यांत लेख, भोग व साक्षी असा क्रम लावून, स्वहस्तें लिहिलेला लेख साक्षीदारांवांचूनहि प्रमाण, मात्र बळानें वा कपटानें करविलेला नसला तर, असा निर्णय याज्ञवल्क्यानें दिला आहे. आणि लेखाविषयीं संशय आल्यास तो त्याच मनुष्याच्या दुसऱ्या अक्षराशीं ताडून पाहण्यास सांगितलें आहे. ह्या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीस, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या शेजारच्याच बसवकल्याणांत, लिहिली.

आजच्या कायद्यांत बनावटीकरणाचीं अंगें दोन: आधीं खोटा दस्तऐवज हवा, आणि मग विशिष्ट हेतु हवा. खोटा दस्तऐवज म्हणजे खोटा मजकूर असलेला कागद नव्हे. येथेंच बहुतेकांची गल्लत होते. ज्यानें केला असें कागद सांगतो त्यानें तो केलेला नसणें, किंवा खऱ्या कागदांत मागाहून अधिकारावांचून फेरफार केलेला असणें, किंवा वेडसर, नशेंतल्या अथवा फसवलेल्या माणसाकडून मजकूर न समजतां सही घेतलेली असणें, हा त्याचा अर्थ. २००९ सालीं बिहारमधील एका खटल्यांत ह्याचा कस लागला. एकानें दुसऱ्याची जमीन स्वतःची म्हणून, स्वतःच्याच नांवानें व सहीनें विकली. सर्वोच्च न्यायालय म्हणालें, मजकूर खोटा असेल, पण सही करणाराच सही करणारा आहे. तेव्हां हें बनावटीकरण नव्हे. विकत घेणाऱ्याची ठकवणूक झाली असेल, तर त्यानें फिर्याद करावी. ह्याच्या उलट टोंकाला तेलगी प्रकरण. बेळगांव जिल्ह्यांतील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीनें खोटे मुद्रांक छापून देशभर विकले. २००१ सालीं तो पकडला गेला आणि २०१७ सालीं शिक्षा भोगीत असतांच वारला. त्याच्या कागदांवर प्रामाणिक माणसांनीं प्रामाणिक करार लिहिले. मजकूर खरा, सह्या खऱ्या, आणि कागद खोटा! त्यांच्या करारांना कोणी बनावट म्हणणार नाहीं, गुन्हा मुद्रांकापुरताच.

दुसरें अंग हेतूचें. दिल्लींतील एका डॉक्टरीण बाईंनीं आपल्या कांहीं महिन्यांच्या मुलीच्या नांवें मोटार घेतली, पैसे स्वतःचेच. पुढें विम्याच्या कागदांवर त्यांनीं मुलीच्या नांवानें सह्या केल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६२ सालीं न्यायालयानें त्यांना सोडलें. सही खोटी होती, विमा कंपनीची दिशाभूल झाली, हें खरें. परंतु त्यापासून बाईंना कांहीं लाभ झाला नाहीं, कंपनीची कांहीं हानि झाली नाहीं. 'कपटपूर्वक' ह्या शब्दांत भुलविणें आणि हानि हीं दोन्हीं हवींत.

हा निकाल वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों होतों. प्रथम मनांत आलें तें समाधान; आणि त्या समाधानाचीच आम्हांस लाज वाटली. कारण आम्हीहि एकदां अशी सही केली आहे.

आमचे वडील १९८६ सालीं वारले. अंबाजोगाई तालुक्यांत थोडी कोरडवाहू जमीन व एक लहानसा मळा होता. आम्ही तीन भाऊ आणि परळीस दिलेली थोरली बहीण. वारसाच्या फेरफारासाठीं बहिणीनें हक्क सोडल्याचा कागद हवा होता. दादा म्हणाले, "ताई काय नाहीं म्हणणार आहे? तिला एवढ्यासाठीं येण्याची दगदग कशाला? तुझें अक्षर चांगलें आहे." आम्हीं ताईच्या नांवानें सही केली. तलाठ्यापुढें दुसऱ्या कोणा बाईंना उभें करण्याची गरजहि पडली नाहीं. मास्तरांच्या घरचा कागद, कोण शंका घेणार? त्यानंतर ताईच्या मुलीच्या लग्नांत आम्हीं तिघांनीं मिळून बऱ्यापैकीं खर्च केला, आणि त्या खर्चानें आमच्या मनांतला तो कागद पुसून गेल्यासारखा झाला.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं असा एखादा कागद ट्रंकेच्या तळाशीं असेल. 'घरांतलीच गोष्ट' हे शब्द त्यावर लिहिलेले नसतात, पण असतात. म्हणून आम्हीं लक्षणाचीं पदें एकेक करून स्वतःस लावून पाहिलीं. ताईच्या अधिकारावांचून, तिनेंच केली असें दिसावें म्हणून केलेली सही: खोटा दस्तऐवज झाला. डॉक्टरीण बाईंची मोटार त्यांच्याच पैशाची होती; येथें १९५६ च्या वारसा कायद्यानें वडिलांच्या हिश्शांत ताईला मिळालेला वांटा आमच्या नांवावर आला: गैरलाभ आमचा, गैरहानि तिची. मालकीस आधार देण्याचा हेतु तर कागदाच्या पहिल्याच ओळींत. शिवाय हक्क सोडण्याचा कागद हा 'मूल्यवान रोखा' होय, आणि त्याच्या बनावटीकरणास जुन्या संहितेच्या कलम ४६७ खालीं जन्मठेपेपर्यंत शिक्षा. गुन्हा ज्या दिवशींचा, कायदा त्या दिवशींचा. एवढ्या मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची सबबहि नाहीं. दादा आतां हयात नाहींत. पुतण्याला हें सांगितलें तेव्हां तो थोडा वेळ बोलला नाहीं, मग म्हणाला, "काका, सूनबाईंना फसविणाऱ्यानें तरी परक्याला फसविलें."

लेखाचा मूळ विषय अजून उरला आहे, तो पुरा करून मग पुढचें सांगतों.

संगणकानें कायद्याला जें कोडें घातलें तें असें: ठकवणुकींत 'व्यक्ति' फसावी लागते, यंत्राला मन नाहीं, तें फसतें कसें? इंग्लंडांत दोन तरुणांनीं दुसऱ्याचा परवलीचा शब्द वापरून प्रेस्टेल नांवाच्या दूरसंदेश-व्यवस्थेंत शिरकाव केला, आणि राणीच्या यजमानांची टपालपेटीहि उघडली. त्यांच्यावर बनावटीकरणाचा खटला झाला. परंतु क्षणभर यंत्राच्या स्मरणांत राहून पुसला जाणारा शब्द म्हणजे दस्तऐवज नव्हे, असें ठरवून तेथील उमरावांच्या सभेनें १९८८ सालीं त्यांना मुक्त केलें. म्हणून १९९० सालीं तेथें संगणकाच्या दुरुपयोगाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजीं अंमलांत आला, आणि त्यानेंच दंडसंहितेंत 'इलेक्ट्रॉनिक अभिलेख' हा शब्द घालून बनावटीकरणाची व्याख्या रुंद केली.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत ह्या कोड्याचें मोठें उदाहरण आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, अठ्ठावीस देशांतील पैसे देणाऱ्या यंत्रांतून सुमारें बारा हजार व्यवहारांत अठ्ठ्याहत्तर कोटींच्या आसपास रक्कम काढली गेली. देशांतल्या यंत्रांतून आणखी अडीच कोटी. आणि सोमवारीं तेरा कोटी ब्याण्णव लाख हाँगकाँगच्या एका खात्यांत वळते झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चोरट्यांनीं एक तोतया यंत्रणा मध्यें बसविली होती. यंत्रें बँकेला विचारीत 'पैसे देऊं काय?' आणि बँकेच्या ऐवजीं तो तोतयाच 'द्या' म्हणे. येथें कोणत्या माणसानें कोणत्या खोट्यावर विश्वास ठेवला? कोणीच नाहीं. खोट्या कार्डांनिशीं यंत्रांपुढें जाऊन उभे राहणारे मात्र हाडामासाचे होते, आणि त्यांपैकीं अकरा जणांना २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें शिक्षा दिली.

नव्या कायद्याची रचना मार्मिक आहे. कलम ४३ मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत शिरणें, माहिती उतरविणें, विषाणु सोडणें ह्या कृति सांगतें, व त्यांबद्दल भरपाई देववितें. हेतु तेथें विचारला जात नाहीं. तीच कृति अप्रामाणिकपणें किंवा कपटपूर्वक केली कीं कलम ६६ नें ती अपराध होते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द, ओटीपी किंवा अशीच ओळखीची खूण अप्रामाणिकपणें वापरणें ह्याला ६६ क. ह्या शेवटच्या कलमाकडे एकत्र कुटुंबांनीं अंमळ लक्ष द्यावें. आमच्याकडे सासूबाईंच्या कार्डाचा गुप्त क्रमांक दिनदर्शिकेच्या मागें लिहिलेला असतो व सर्वांना पाठ असतो. त्यांच्या सांगण्यावरून पैसे काढून आणणें हा गुन्हा नव्हे. न सांगतां काढणें आणि 'बँकेनें कापले' म्हणणें हा आहे, मग काढणारा घरचा कां असेना. तसेंच खेड्यापाड्यांतील मुलें थोड्या पैशांसाठीं आपलें बँकेंतलें खातें परक्याला वापरावयास देतात. सूनबाईंचे पैसे प्रथम अशाच एका विद्यार्थ्याच्या खात्यांत गेल्याचें निघालें. जाणूनबुजून दिलें असेल तर तो मुलगाहि ह्या गुन्ह्यांतला भागीदार ठरतो. त्याच्या आईबापांची आठवण होऊन आम्हांस वाईट वाटलें.

पुराव्याविषयीं आमच्या शेजारच्या जालन्याचाच निकाल सर्व देशास लागू आहे. २०१४ च्या निवडणुकींत अर्जुन खोतकर केवळ २९६ मतांनीं निवडून आले. कैलास गोरंट्याल ह्यांनीं आक्षेप घेतला कीं त्यांचें उमेदवारीपत्र वेळ टळल्यावर घेतलें गेलें, आणि पुरावा होता निवडणूक कचेरींतल्या चित्रफितीचा. १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची नक्कल पुराव्यांत द्यावयाची तर ज्याच्या ताब्यांत तें मूळ यंत्र आहे त्याचें प्रमाणपत्र अवश्य हवें. मात्र मागूनहि तें मिळालें नाहीं, व मागणाऱ्यानें सर्व प्रयत्न केले असतील, तर त्याच्यावर अन्याय होऊं नये. म्हणून असा प्रसंग आल्यास निरोप रागानें पुसून टाकूं नयेत, मोबाईल विकूं नये. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. पैसा खात्यांतून खात्यांत उड्या मारीत असतो, आणि तो मध्येंच अडविला जाण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच अधिक. सूनबाईंनीं भीतीपोटीं रात्रभर कोणास सांगितलें नाहीं. घरांतील मोठीं माणसें रागावतील ही ती भीति. अडतीस हजारांतले साडेनऊ हजार अडविले गेले. बाकीचे अद्याप मिळालेले नाहींत.

भाऊबीजेला ताई आली. ओंवाळणी झाल्यावर आम्हीं तिला माडीवर नेऊन सर्व सांगितलें. ती शांतपणें म्हणाली, "मला तेव्हांच ठाऊक होतें. फेरफाराची नक्कल ह्यांनीं आणून दाखविली होती. सहींत शेवटचा इकार ऱ्हस्व; मी जन्मभर दीर्घ लिहितें. ऱ्हस्व लिहिणारा घरांत एकच, तूं. पण ह्यांनीं विचारलें तेव्हां मी म्हणालें, सही माझीच आहे." शब्द संस्कृत, म्हणून ऱ्हस्व, हा आमचा आग्रह, तो असा उघडा पडला. पुतण्या मागाहून म्हणाला कीं, तिनें मागाहून कबूल केल्यानें त्या दिवशींचा गुन्हा पुसला जात नाहीं. तें आम्हांस विचारण्याची गरज नव्हती.

ताईनें फिर्याद केली नाहीं. "पण आतां माझा वांटा मला हवा," ती म्हणाली. "नातीला पुण्यास शिकावयास ठेवायचें आहे." आम्हीं, धाकट्या बंधूंनीं व दादांच्या मुलांनीं मिळून वाटणीपत्र केलें. ताईला मळ्याची विहिरीकडची बाजू गेली. तिनेंच ती मागितली. मार्गशीर्षांत आम्ही सर्व दुय्यम निबंधकांच्या कचेरींत गेलों. तेथें आतां यंत्रासमोर बसवून छायाचित्र घेतात आणि अंगठा उमटवितात. ताईचा अंगठा दोनदां उमटला नाहीं. राखेनें भांडीं घांसून रेषा झिजल्या आहेत. तिसऱ्या वेळीं उमटला. मग तिनें सही केली, शेवटचा इकार दीर्घ.